वर्गातला पडदा आणि प्रश्नाची वेळ



संयोजकांनी मला 'वर्गातलं अध्यापन आणि डिजिटल तंत्रज्ञान' हा विषय दिला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, अहो, मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. फोनवर काही अडलं तर मला नातवाला हाक मारावी लागते. एखाद्या तरुण शिक्षकाला बोलवा. त्यावर ते म्हणाले, "सर, हे सगळं कसं वापरायचं ते सांगणारे पुष्कळ आहेत. कशासाठी वापरायचं ते तुम्ही सांगा." असं म्हटल्यावर तत्त्वज्ञानाच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. म्हणून आलो.

आधीच एक सांगून ठेवतो. माझ्या वयाचा माणूस या विषयावर बोलायला लागला की 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे पालुपद सुरू होतं. ते मी लावणार नाही. आमच्या वेळी वर्गात साठ मुलं असायची, फळा इतका गुळगुळीत झालेला असायचा की त्यावर खडू उमटायचा नाही, आणि मास्तर धडा वाचून दाखवायचे, आम्ही उत्तरं उतरवून घ्यायचो. त्यात गहिवरून यावं असं फारसं काही नव्हतं.

शिवाय नव्या साधनाबद्दलची तक्रार फार जुनी आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस एक इजिप्तची गोष्ट सांगतो. थ्यूथ नावाच्या देवानं लेखनकला शोधून काढली आणि ती घेऊन तो थामस राजाकडे गेला. म्हणाला, यानं लोकांची स्मृती वाढेल, ते शहाणे होतील. राजा म्हणाला, उलट होईल. लोक लिहिलेल्यावर विसंबतील, विसरायला लागतील, आणि शहाणे न होताच शहाणे दिसायला लागतील. आपण आज हसतो, कारण ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली ती प्लेटोनं लिहून ठेवली म्हणूनच. पण राजाच्या बोलण्यात आणखी एक मुद्दा आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. तो देवाला म्हणतो की, साधन निर्माण करणारा एक असतो आणि त्याचा लाभ-हानी जोखणारा दुसरा असावा लागतो. तू त्याचा बाप आहेस, तुला त्याचं कौतुक वाटणारच. मित्रहो, आपल्याकडे शाळेत काय घ्यावं हे पुष्कळदा विकणाराच सांगतो आणि घेतल्यावर त्याचा उपयोग झाला की नाही हेही तोच सांगतो. जोखणारा थामस कुठे बसलाय? तो वर्गात बसलाय. तो म्हणजे शिक्षक. आणि त्याला कुणी विचारत नाही.

आता माझीच एक चूक सांगतो. म्हणजे दुसऱ्यांवर टीका करायचा अधिकार मला मिळेल.

निवृत्तीच्या काही वर्षं आधी मी ज्या कॉलेजात होतो तिथं प्रोजेक्टर आला. नॅकची समिती येणार होती, त्यामुळे प्रत्येकानं काही तासिका तरी पडद्यावर घ्याव्यात असा निरोप फिरला. मी तर्कशास्त्र शिकवायचो. चिन्हांकित तर्कशास्त्रात सिद्धता द्यायची असते. काही विधानं दिलेली असतात, त्यांच्यापासून एकेक पायरी नियमानं काढत निष्कर्षापर्यंत जायचं. मी उत्साहानं पीपीटी तयार केली. प्रत्येक पायरी उजवीकडून सरकत यायची, शेजारी नियमाचं नाव निळ्या रंगात. एका तासात फळ्यावर तीन सिद्धता व्हायच्या, तिथं सात व्हायला लागल्या. मुलं म्हणाली, "सर, आता एकदम क्लिअर झालं." मीही खूश.

सत्राची परीक्षा झाली. उत्तरपत्रिका बघायला घेतल्या. नियम सगळ्यांना पाठ होते. दिलेली पायरी कोणत्या नियमानं आली हे विचारलं तर बरोबर सांगत होते. पण नवी सिद्धता समोर आली की पहिल्या-दुसऱ्या ओळीला पेन थांबलेलं. एका मुलानं तर माझ्या स्लाइडवरची सिद्धता शेवटच्या ओळीपर्यंत अचूक लिहिली होती. फक्त प्रश्नपत्रिकेत विचारलेली सिद्धता वेगळी होती! त्याला गुण देता आले नाहीत. पण घरी जाताना माझ्या डोक्यातून जाईना की त्यानं मी शिकवलेलंच लिहिलं होतं.

काय झालं होतं? बघा, पाचव्या ओळीवरून सहावी ओळ नियमाला धरून आली की नाही हे कुणालाही तपासता येतं. पण पाचव्या ओळीवर उभं असताना समोर दहा वाटा असतात. त्यातली हीच का धरायची, हे कुठलाही नियम सांगत नाही. फळ्यावर शिकवताना मी तिथं अडायचो. कधी खरोखर अडायचो, कधी अडल्याचं नाटक करायचो. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचं, "सर, तिकडून करून बघा." आम्ही तिकडून जायचो, चार ओळी गेल्यावर कळायचं की हा रस्ता बंद आहे, मग डस्टर. ते पुसणं हाच धडा होता. स्लाइडवर पुसणं नव्हतं. गिल्बर्ट राइल नावाच्या तत्त्वज्ञानं १९४९ च्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यांत फरक केला आहे. मी पहिलं इतकं सुबक करून दिलं की दुसऱ्याला वेळच उरला नाही.

म्हणजे दोष प्रोजेक्टरचा होता का? त्या वेळी मला तसं वाटलं. मी पुन्हा खडू हातात घेतला आणि पुढे कितीतरी वर्षं मी सगळ्यांना एकच सांगायचो : दाखवू नका, विचारा. त्यासाठी माझ्याकडे हक्काचं उदाहरण होतं, तेही प्लेटोचंच. 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला वाळूत चौरस काढून दाखवतो. बाजू दोन फूट, क्षेत्रफळ चार. आता याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा, तर बाजू किती? मुलगा ठणकावून सांगतो, चार फूट. सॉक्रेटिस तो चौरस काढून दाखवतो, क्षेत्रफळ होतं सोळा. मग मुलगा म्हणतो, तीन फूट. ते होतं नऊ. मग मात्र मुलगा कबूल करतो की मला माहीत नाही. इथं सॉक्रेटिस मेनोकडे वळून म्हणतो, बघ, याला गोंधळात टाकून आपण याचं नुकसान केलं का? आता याला शोधावंसं तरी वाटेल. आणि मग मूळ चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस दुप्पट भरतो, हे त्या मुलाला समजतं.

हे उदाहरण मी तीस वर्षं शिकवलं. आणि ते मला नीट समजलं नव्हतं, हे मला कळलं २०२० साली. तेही, गंमत म्हणजे, एका पडद्यावर.

टाळेबंदीत एका कॉलेजनं मला एमएच्या मुलांसाठी काही ऑनलाइन व्याख्यानं द्यायला सांगितलं. तुम्हाला ते दिवस आठवत असतील. पडद्यावर काळे चौकोन, त्यात नावाची आद्याक्षरं. आपण बोलतोय की विहिरीत दगड टाकतोय, कळायला मार्ग नाही. एक दिवस 'मेनो' शिकवत होतो. "दाखवू नका, विचारा" हे माझं ठरलेलं वाक्य झालं, आणि चॅटमध्ये एका मुलीचा मजकूर आला : "सर, पण कर्णाची रेष शेवटी सॉक्रेटिसनंच काढली ना? मुलाला ती सुचलीच नव्हती."

मी गप्प झालो. खरंच होतं ते. मुलगा अडतो आणि ती रेष सॉक्रेटिसच काढून देतो. तो दाखवतोच. तीस वर्षांत वर्गात समोर बसलेल्या कुणीही मला हे विचारलं नव्हतं. नंतर तिच्या प्राध्यापकांनी मला सांगितलं की ही मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नाही. म्हणजे ज्या खडू-फळ्याच्या वर्गाला मी संवादाची जागा समजत होतो, तिथं असे किती प्रश्न तोंडातल्या तोंडात विरले असतील? आणि हेही सांगितलं पाहिजे की तिच्या घरात एकच स्मार्टफोन होता. धाकट्या भावाचा तास असला की हिचा तास बुडायचा. तंत्रज्ञानानं तिला बोलतं केलं आणि तंत्रज्ञानानंच तिचे निम्मे तास घेतले. दोन्ही खरं आहे.

त्या प्रश्नानं माझं वाक्य बदललं. दाखवायला हरकत नाही. प्रश्न आहे तो कधी दाखवायचं याचा. सॉक्रेटिसनं ती रेष पहिल्याच मिनिटाला काढली असती, तर मुलानं मान डोलावली असती आणि दुसऱ्या दिवशी विसरला असता. दोन चुका झाल्यावर, 'माहीत नाही' म्हटल्यावर ती रेष आली, म्हणून ती त्याची झाली. डिजिटल साधनांवर माझा आक्षेप आहे तो एवढाच, पण तो मोठा आहे : ही साधनं उत्तर इतक्या लवकर आणि इतक्या सुंदर रीतीनं आणून देतात की ते प्रश्नाच्या आधी पोचतं. मुलाला प्रश्न पडलेलाच नाही आणि उत्तर ॲनिमेशनसह हजर!

आपल्याकडे बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन, निदिध्यासन असा क्रम सांगतो. व्हिडिओ श्रवणाला उत्तम. चांगला शिक्षक दुर्गम गावात पोचत नसेल तर त्याचं श्रवण तिथं पोचवा, माझी अजिबात तक्रार नाही. पण मनन म्हणजे ऐकलेल्याला शंका विचारणं, ते तर्कावर घासून बघणं. ते दुसऱ्यानं आपल्यासाठी करून ठेवता येत नाही. आपण आज श्रवणाचे दहा प्रकार वाढवतोय आणि त्यालाच 'इंटरॲक्टिव्ह' म्हणतोय. मुलानं पडद्याला बोट लावलं, चित्र हललं, टाळ्या वाजल्या. बोट हललं, मित्रहो. डोकं हललं का?

आता तुम्ही म्हणाल, हे सर पीपीटी आणि प्लेटोवर बोलतात, पुराव्याचं काय? रास्त आहे. पुरावाही बघू.

ही आशा आपल्याकडे नवी नाही. १९७५-७६ साली 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे २४०० खेडी, सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर यायला लागले. पुण्याची बालचित्रवाणी तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. मग संगणक, सीडी, ई-लर्निंगचे संच, टॅब, स्मार्ट बोर्ड. २०१७ साली 'दीक्षा' आलं, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. यातलं बरंचसं काम कळकळीनं केलेलं आहे. पण यशाचं मोजमाप प्रत्येक वेळी एकच : किती संच पोचले, किती शाळा जोडल्या गेल्या.

नुसतं पोचवल्यानं काय होतं? दर मुलाला एक लॅपटॉप, ही निकोलस निग्रोपाँटी यांची मोहीम तुम्ही ऐकली असेल. आपल्याकडे २००७ साली कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत तिचा प्रयोग झाला होता. पेरू देशात तर ती फार मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. तिथल्या तीनशेहून अधिक ग्रामीण शाळांचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. निष्कर्ष असा की संगणकाचा वापर अर्थातच वाढला, तर्कबुद्धीच्या चाचण्यांत थोडीफार सुधारणा दिसली, पण भाषा आणि गणित या विषयांत मुलं पुढे गेल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्र मुलाच्या हातात पडलं होतं. त्याचं करायचं काय, हा विचार मागे राहिला होता.

आता उलट बाजू. दिल्लीत २०१५ साली शाळेनंतरच्या केंद्रांमध्ये 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणकप्रणालीचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकून मुलं निवडली होती, त्यामुळे तुलना भरवशाची. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत मुलांची चांगली प्रगती झाली. का झाली? बरीच मुलं आपल्या इयत्तेच्या कितीतरी मागे होती. आठवीतल्या मुलाला पाचवीचं गणित येत नव्हतं. वर्गातला शिक्षक आठवीचं पुस्तक संपवत होता. ती प्रणाली मुलगा जिथं आहे तिथला प्रश्न त्याला विचारायची, उत्तर चुकलं तर कसं चुकलं ते बघून पुढचा प्रश्न द्यायची. आणि निम्मा वेळ मुलं छोट्या गटात एका माणसाबरोबर बसायची, हे विसरू नका. म्हणजे इथं यंत्रानं काय केलं? उत्तर आधी आणलं नाही. योग्य प्रश्न योग्य मुलापर्यंत नेला. साठ मुलांच्या वर्गात हे एका शिक्षकाला जमणं कठीण, ते यंत्रानं केलं. अशा यंत्राला मी नमस्कार करतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला, तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडची चर्चा झाली. कोड महत्त्वाचे होतेच. पण त्यांनी काय केलं ते नीट बघा. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तकाची भाषा वेगळी. त्यांनी पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि त्याबरोबर कोड दिले. ही मुलं कुठे अडतात, हा प्रश्न शिक्षकानं ओळखला होता. आपण कोडची नक्कल केली. अडण्याची जागा शोधायची नक्कल कुणी केली?

आणि साधन म्हटलं की मला कोसबाडची टेकडी आठवते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी पानं, बिया, खडे, शंख-शिंपले यांतून शैक्षणिक साहित्य उभं केलं. मुलं गुरं घेऊन कुरणात जात, तर शाळाच कुरणात नेली. त्यात वीज नव्हती, पण विचार पूर्ण होता : मूल कुठे आहे, त्याच्या हाताला काय लागतं, त्यातून त्याला काय मोजता येईल. माझ्या लेखी ते अव्वल दर्जाचं शैक्षणिक तंत्रज्ञान होतं.

आता जो प्रश्न तुमच्या मनात असेल तो. कृत्रिम बुद्धिमत्ता. २०२२ च्या अखेरीला चॅटजीपीटी आलं आणि माझ्या तरुण सहकाऱ्यांचे फोन यायला लागले : सर, निबंध तपासायचे कसे? कुणी लिहिलाय तेच कळत नाही. माझं म्हणणं असं की तपासण्याची अडचण दुय्यम आहे. आपण निबंध कशाला लिहायला सांगत होतो? जगात आणखी एक निबंध हवा होता म्हणून? 'कांटचं नीतिशास्त्र' या विषयावर माझ्या विद्यार्थ्यानं लिहिलेल्या चार पानांची जगाला काही गरज नव्हती. ती चार पानं लिहिताना तो जिथं अडत होता, त्या अडण्याची त्याला गरज होती. यंत्रानं पानं दिली आणि अडणं काढून घेतलं. व्यायामशाळेत वजनं उचलायला यंत्र लावलं तर वजनं उचलली जातील, दंड भरणार नाहीत.

पण इथंही वेळेचाच नियम लावून बघा. विद्यार्थ्यानं आधी स्वतःचा युक्तिवाद लिहिला, वेडावाकडा का असेना, आणि मग यंत्राला विचारलं की याला सगळ्यात जोरदार आक्षेप कोणता? तो आक्षेप वर्गात आणला, आणि आपण त्याच्यावर भांडलो. मग ते यंत्र त्या चॅटमधल्या मुलीसारखं काम करेल. तेच साधन, फक्त दहा मिनिटं उशिरा आलेलं. सगळा फरक त्या दहा मिनिटांत आहे.

तेव्हा शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. पुढचा तास पडद्यावर घेण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. या धड्यात मुलं नेमकी कुठे अडतात, हे मला माहीत आहे का? हे साधन त्यांना तिथपर्यंत नेतं, की ती जागा वळसा घालून टाळतं? आणि ते वापरल्यामुळे, एरवी गप्प राहणारं कुणी बोलणार आहे का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर साधन राहू द्या, आधी मुलांच्या वह्या बघा. आणि अधिकाऱ्यांना, संस्थाचालकांना सांगतो : संच किती वाटले ते मोजून झालं असेल, तर आता शिक्षकाला तासाभराची शांतता द्या आणि त्याला विचारा की तुझी मुलं कुठे अडतात. त्या अहवालाला फार खर्च येत नाही.

त्या मुलाची उत्तरपत्रिका मी अजून विसरलेलो नाही, ज्यानं मला माझीच स्लाइड परत दिली. तो आता चाळिशीच्या घरात असेल. कदाचित त्याची मुलं टॅबवर शिकत असतील. ती मुलं काय बघतात याची मला काळजी नाही. ते बघण्याआधी त्यांना दोनदा चुकायला कुणी वेळ देतं का, एवढंच मला त्याला विचारायचंय.

माझं बोलणं इथं थांबवतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. समोर उठून विचारायचा संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून पाठवा. त्या माध्यमावर माझा आता विश्वास बसला आहे.